घरच्या प्रिंटरची शाई: नव्याने प्रिंटर घेणाऱ्यांसाठी खर्चाचा पायरी-पायरीने हिशेब

घरासाठी प्रिंटर घ्यायचे ठरले की दुकानात पहिली चौकशी यंत्राच्या किमतीची होते. शाईची चौकशी होते ती काही महिन्यांनी, शाई संपल्याची सूचना पडद्यावर येऊ लागल्यावर. आणि तोवर कोणती शाई घ्यायची, ती कोणत्या भावाने आणि किती वेळा घ्यावी लागणार, हे आपण निवडलेल्या यंत्राने ठरवून टाकलेले असते. सर्वांत स्वस्त प्रिंटरांच्या बाबतीत काळ्या आणि रंगीत कार्ट्रिजची, म्हणजे शाईच्या डब्यांची, नवी जोडी घेताना यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो. यंत्र कमी नफ्यात विकायचे आणि कमाई शाईवर करायची, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे. ग्राहकाला ती आधी कळायला हवी, असे मला मनापासून वाटते, कारण एकदा यंत्र घरी आले की सुटका महाग पडते.

हे मार्गदर्शन ठाणे आणि नवी मुंबईत पहिल्यांदाच प्रिंटर घेऊ पाहणाऱ्या, तसेच घरातल्या प्रिंटरच्या शाईवर नेमका किती खर्च होतो ते कळत नसलेल्या कुटुंबांसाठी आहे. यात दिलेली पानांची संख्या कंपन्यांनी जाहीर केलेली आहे. रुपयांतल्या किमती मात्र हिशेबाची पद्धत समजावी म्हणून घेतलेले गोल आकडे आहेत. भाव सतत बदलतात, म्हणून त्यांच्या जागी आपल्या बिलावरचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

पहिली पायरी: महिन्याची पाने मोजा

कोणताही प्रिंटर पाहायला जाण्याआधी एक महिना घरातल्या छपाईची नोंद ठेवा. सध्या आपण छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात जात असाल, तर तिथे दर वेळी किती पाने काढली ते मोबाइलवर लिहून ठेवणे पुरेसे आहे. नोंद तीन भागांत करावी: नुसत्या काळ्या मजकुराची पाने, आलेख-नकाशांसारखी थोडा रंग असलेली पाने, आणि पूर्ण पानभर रंग किंवा फोटो असलेली पाने. शाईच्या खर्चाच्या दृष्टीने हे तीन प्रकार एकमेकांपासून फार दूर आहेत, त्यामुळे नुसता एकूण आकडा फसवा ठरतो.

छपाई वर्षभर सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज आणि कागदपत्रे, दिवाळीच्या आधी व नंतर शाळेचे प्रकल्प, फेब्रुवारी-मार्चमध्ये सरावाच्या प्रश्नपत्रिका, आणि घरातले कोणी गृहनिर्माण सोसायटीच्या समितीवर असेल तर सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेची सूचनापत्रे व अहवाल, अशी कामे लाटेसारखी येतात. म्हणून गर्दीच्या एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नये.

पानांइतकीच महत्त्वाची आणखी एक नोंद आहे, ती म्हणजे दोन छपायांमधले अंतर. महिन्याला चाळीस पाने एकाच दिवशी काढणारे घर आणि दर आठवड्याला दहा-दहा पाने काढणारे घर यांचा शाईचा खर्च सारखा येत नाही. त्याचे कारण पुढे चौथ्या आणि आठव्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: यंत्राचा प्रकार ओळखा

घरगुती वापराचे प्रिंटर मुख्यतः तीन प्रकारचे आहेत, आणि शाईच्या खर्चाचा निकाल जवळजवळ इथेच लागतो.

पहिला प्रकार कार्ट्रिजचा. एचपीच्या डेस्कजेट आणि कॅननच्या पिक्स्मा मालिकेतले स्वस्त प्रिंटर बहुतांशी याच प्रकारातले असतात. त्यांत दोन कार्ट्रिज बसतात: एक काळ्या शाईचे आणि दुसरे निळा, किरमिजी व पिवळा असे तिन्ही रंग एकाच डबीत असलेले. असे कार्ट्रिज हातात उलटे धरून पाहिले तर तळाशी बारीक छिद्रांची एक अरुंद पट्टी आणि बाजूला तांब्याच्या रंगाचे ठिपके दिसतात. छिद्रांची ती पट्टी म्हणजे छपाईचे डोके, ज्याला प्रिंटहेड म्हणतात. विजेने शाईचा सूक्ष्म भाग क्षणभर तापतो, त्याचा बुडबुडा होतो आणि त्या दाबाने शाईचा थेंब कागदावर फेकला जातो. कार्ट्रिज बदलले की डोकेही नवे मिळते, म्हणून छिद्रे बुजून यंत्र कायमचे निकामी होण्याची भीती या प्रकारात कमी असते. त्याची किंमत मात्र आपण प्रत्येक कार्ट्रिजमागे मोजतो. तीन रंगांच्या डबीची आणखी एक अडचण आहे: मुलांच्या भूगोलाच्या प्रकल्पात समुद्र रंगवून निळा रंग संपला, तर किरमिजी आणि पिवळा शिल्लक असूनही अख्खी डबी बदलावी लागते.

दुसरा प्रकार टाकीचा. एपसनची एल मालिका, कॅननच्या पिक्स्माची जी मालिका, एचपीची स्मार्ट टँक आणि ब्रदरची डीसीपी-टी मालिका ही याची नेहमी दिसणारी उदाहरणे आहेत. यंत्राच्या पुढे किंवा बाजूला चार पारदर्शक टाक्या असतात आणि त्यांत बाटलीने शाई ओतता येते. प्रत्येक रंग वेगळा असल्याने जो संपेल तेवढाच घ्यावा लागतो. एपसनच्या यंत्रांत थेंब उष्णतेने फेकला जात नाही. विद्युतदाबाने किंचित वाकणारे स्फटिक शाईला ढकलतात. टाकीच्या प्रिंटरांत छपाईचे डोके शाईबरोबर बदलत नाही, ते यंत्रातच राहते आणि ते वर्षानुवर्षे चालावे अशी अपेक्षा असते, त्यामुळे शाई अतिशय स्वस्त पडते. पण डोके बिघडले तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

तिसरा प्रकार लेझरचा. यात द्रव शाई नसून टोनर नावाची कोरडी भुकटी असते, जी उष्णतेने कागदावर चिकटवली जाते. भुकटी वाळत नाही, त्यामुळे यंत्र दोन महिने बंद राहिले तरी पहिले पान स्वच्छ निघते. एचपीच्या ८८ए या क्रमांकाच्या टोनरची जाहीर क्षमता १,५०० पानांची आणि १२ए या जुन्या, अजूनही वापरात असलेल्या टोनरची २,००० पानांची आहे. घरात फक्त काळा मजकूर छापायचा असेल आणि छपाई अनियमित असेल, तर साध्या काळ्या लेझर प्रिंटरचा विचार टाकीच्या प्रिंटरच्याही आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेते घरगुती ग्राहकाला हा पर्याय क्वचितच आपणहून सुचवतात.

तिसरी पायरी: दर पानाचा खर्च काढा

पद्धत सोपी आहे. कार्ट्रिज, बाटली किंवा टोनरची किंमत घ्यावी आणि तिला खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या पानांच्या संख्येने भागावे.

समजा, एका लहान काळ्या कार्ट्रिजची किंमत ९०० रुपये आहे आणि त्याची क्षमता १२० पाने आहे. भागाकार केल्यावर दर पानाला साडेसात रुपये येतात. आता टाकीच्या प्रिंटरचे उदाहरण घेऊ. एपसनची ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची असते आणि तिची जाहीर क्षमता ४,५०० पानांची आहे. बाटलीची किंमत ४०० रुपये धरली तर दर पानाला सुमारे ९ पैसे पडतात. कॅननच्या जीआय-७९० या काळ्या बाटलीत १३५ मिलिलिटर शाई असून क्षमता ६,००० पाने आहे. एचपीच्या जीटी५३ मध्ये ९० मिलिलिटर आणि ४,००० पाने. यांचाही हिशेब पैशांतच राहतो. कार्ट्रिजची शाई आणि बाटलीची शाई यांच्या दर पानाच्या खर्चात असा ऐंशी पटींच्या घरातला फरक पडू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही तो दिसतो.

या हिशेबात कागद मिळवायला विसरू नये. पाचशे कागदांचे ए-फोर मापाचे रिम ३०० रुपयांना मिळाले, तर एक कागद ६० पैशांना पडतो. टाकीच्या प्रिंटरमध्ये काळ्या मजकुरासाठी शाईपेक्षा कागद कितीतरी महाग ठरतो. म्हणून अशा घरात शाई वाचवण्यासाठी अक्षरे फिकट करत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी छपाई करून कागद वाचवावा. कार्ट्रिजच्या घरात उलट आहे. तिथे कागदाचा खर्च नगण्य आहे आणि शाईचा प्रत्येक थेंब जपायला हवा.

आता यंत्राची किंमत मिळवून पाहू. कार्ट्रिजचा प्रिंटर ४,५०० रुपयांना आणि टाकीचा १२,००० रुपयांना मिळतो असे धरू. फरक ७,५०० रुपयांचा आहे. टाकीच्या प्रिंटरवर दर पानाला साधारण ७ रुपये ४० पैसे वाचत असतील, तर हा फरक सुमारे एक हजार पानांनंतर भरून निघतो. महिन्याला शंभर पाने काढणाऱ्या घरात त्याला दहा महिने लागतील, तर महिन्याला तीस पाने काढणाऱ्या घरात जवळजवळ तीन वर्षे.

यात तिसरा पर्यायही मोजावा, जो अनेकदा मोजलाच जात नाही: प्रिंटर न घेणे. झेरॉक्सच्या दुकानात काळ्या छपाईचे पाच रुपये पडतात असे धरले आणि टाकीच्या प्रिंटरवर कागदासह दर पानाला सुमारे ७० पैसे, तर दर पानामागे ४ रुपये ३० पैसे वाचतात. यंत्राचे १२,००० रुपये भरून निघायला सुमारे २,८०० पाने छापावी लागतील. महिन्याला शंभर पाने असतील तर सव्वादोन-अडीच वर्षांत. तीसच पाने असतील तर साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तेवढी वर्षे यंत्र दुरुस्तीशिवाय चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. नौपाड्यात, वाशीत किंवा नेरूळला इमारतीखालीच झेरॉक्सचे दुकान असलेल्या आणि कमी छपाई असलेल्या कुटुंबाला निव्वळ पैशांच्या दृष्टीने दुकानच परवडते. घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूच्या किंवा खारघरच्या टोकाच्या वसाहतीत राहणाऱ्यांना मात्र रिक्षाचे भाडे आणि रात्री दहा वाजता मुलाला आठवलेला प्रकल्प हेही हिशेबात धरावे लागतात. सोय म्हणून प्रिंटर घेण्यात काहीच गैर नाही. सोयीसाठी आपण किती पैसे मोजतो आहोत हे ठाऊक असावे, एवढेच सांगायचे आहे.

चौथी पायरी: पानांचा आकडा नीट वाचा

खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या घरातल्या पानांचा नसतो. इंकजेट कार्ट्रिजची क्षमता आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजली जाते आणि त्यासाठी २४७१२ या मानकात ठरवून दिलेली नमुना पाने वापरली जातात. काळ्या टोनरसाठी १९७५२ हे वेगळे मानक आहे. मोजणी करताना छपाई सलग चालते. घरी मात्र आज दोन पाने, मग आठ दिवसांनी एक पान अशी छपाई होते आणि प्रत्येक वेळी यंत्र जागे होताना डोके साफ करण्यासाठी थोडी शाई खर्च करते. ती शाई कागदावर कधीच येत नाही. त्यामुळे कमी छपाई असलेल्या घरात प्रत्यक्ष पाने जाहीर आकड्यापेक्षा बरीच कमी निघतात. टाकीच्या बाटल्यांचे आकडे बहुधा कंपनी त्याच नमुना पानांवरून स्वतःच्या पद्धतीने काढते, हेही बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

नमुना पानावर मजकूर विरळ असतो. काळ्या शाईचा भाग पानाच्या साधारण पाच टक्के असतो, असे गृहीत धरून चालावे. दाट मजकुराची प्रश्नपत्रिका त्याहून जास्त शाई घेते, आणि पानभर रंगीत फोटो तर कितीतरी पटींनी जास्त. वर काढलेला ९ पैशांचा आकडा फोटोला लावू नये.

नव्या यंत्रासोबत आलेल्या शाईवरूनही अंदाज बांधू नये. कार्ट्रिजच्या अनेक प्रिंटरांत सुरुवातीच्या डब्यांत कमी शाई असते. टाकीच्या प्रिंटरात पहिल्यांदा भरलेली शाई नळ्यांमधून डोक्यापर्यंत पोहोचून तिथेच राहते, म्हणून पहिल्या बाटल्या पुढच्या बाटल्यांपेक्षा लवकर संपतात. यंत्रात दोष आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: ओरिजिनल, कम्पॅटिबल की रिफिल

दुकानात हे तीन शब्द सर्रास वापरले जातात आणि त्यांत एक चौथा प्रकार लपलेला असतो. ओरिजिनल म्हणजे प्रिंटरच्या कंपनीची शाई. कम्पॅटिबल म्हणजे दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने त्या यंत्रासाठी बनवलेली. रिफिल म्हणजे रिकाम्या कार्ट्रिजमध्ये किंवा टोनरमध्ये पुन्हा भरलेली. चौथा प्रकार नकली: दुसऱ्याने बनवलेली, पण मूळ कंपनीचे नाव आणि खोके वापरून विकलेली. पहिले तिन्ही प्रकार राजरोस व्यवहाराचे आहेत. चौथी फसवणूक आहे. कम्पॅटिबल शाई घेणाऱ्याला आपण काय घेतो ते ठाऊक असते, तर नकली शाई घेणारा ओरिजिनलचे पैसे मोजून तिचा दर्जा न मिळालेला माणूस असतो.

कोणती शाई घ्यावी याचा निर्णय यंत्राच्या प्रकारावर सोपवावा. टाकीच्या प्रिंटरमध्ये ओरिजिनल बाटलीच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. तिथे ओरिजिनल शाईही पैशांत पडते, मग स्वस्त शाईने दर पानाला आणखी पाच पैसे वाचवण्यासाठी महागडे, कायमचे डोके पणाला लावणे शहाणपणाचे नाही. कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये धोका कमी असतो, कारण बिघडले तर डोके त्या कार्ट्रिजबरोबरच जाते. तिथे रिफिल करून पाहण्यास हरकत नाही. मात्र एकच कार्ट्रिज पुन्हा पुन्हा भरता येत नाही. डोके झिजते, आतला स्पंज नीट शाई धरेनासा होतो आणि अक्षरांमध्ये पांढऱ्या रेघा येऊ लागतात. पूर्ण कोरडे पडलेले कार्ट्रिज भरून उपयोग होत नाही, म्हणून छपाई फिकट होऊ लागताच ते दुकानात न्यावे. काळ्या लेझरचे टोनर रिफिल करण्याची पद्धत ठाणे-नवी मुंबईतल्या कार्यालयांत रुळलेली आहे आणि चांगल्या कारागिराकडून भरून घेतले तर ते समाधानकारक चालते. भुकटी गळून कागदाच्या कडेला राखाडी डाग येत असतील, तर ते टोनर परत करावे.

दोन गोष्टी खरेदीपूर्वी तपासाव्यात. एचपीच्या काही यंत्रांत डायनॅमिक सिक्युरिटी नावाची व्यवस्था असते, जी इतर उत्पादकांची चिप असलेली कार्ट्रिज नाकारू शकते आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनंतर आधी चालणारे कार्ट्रिजही बंद पडू शकते. तसा उल्लेख खोक्यावर किंवा संकेतस्थळावर असतो. दुसरी गोष्ट वॉरंटीची. दुसरी शाई घातली की वॉरंटी आपोआप संपते, असे विक्रेते सांगतात; एचपीच्या वॉरंटीपत्रात मात्र असे लिहिलेले असते की बाहेरच्या किंवा रिफिल केलेल्या कार्ट्रिजमुळे वॉरंटीवर परिणाम होत नाही, पण बिघाड त्याच कार्ट्रिजमुळे झाला असेल तर दुरुस्तीचा खर्च ग्राहकाने द्यायचा. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून आपल्या यंत्राचे पत्रक वाचूनच निर्णय घ्यावा.

शाई एकसारखी नसते, याकडेही लक्ष द्यावे. कॅननच्या जीआय-७९० आणि एचपीच्या जीटी५३ या काळ्या शाया पिगमेंटच्या आहेत, म्हणजे त्यांत रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि वाळल्यावर त्या पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. एपसनची ००३ डाय प्रकारची आहे, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला असतो. जुलैच्या पावसात ठाण्याच्या कोर्ट नाक्यापर्यंत किंवा बेलापूरच्या सिडको भवनापर्यंत अर्ज घेऊन जाणाऱ्याला हा फरक लगेच कळतो: डाय शाईने छापलेल्या ओळीवर दोन थेंब पडले की अक्षरांभोवती निळसर-करडे वलय पसरते. महत्त्वाची कागदपत्रे वारंवार छापणाऱ्या घराने यंत्र निवडतानाच काळी शाई पिगमेंटची आहे का, हे विचारावे. एका प्रकारची शाई दुसऱ्या प्रकारच्या टाकीत कधीही ओतू नये.

सहावी पायरी: खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी यंत्राचे पूर्ण मॉडेल आणि शाईचा क्रमांक यांचा फोटो काढून न्यावा. नुसते कंपनीचे नाव सांगून चालत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या यंत्रांना वेगवेगळे क्रमांक लागतात. आपल्या यंत्राला मोठ्या क्षमतेचे, म्हणजे एक्सएल कार्ट्रिज चालते का तेही विचारावे. ते किमतीने जास्त असले तरी दर पानाला बहुधा स्वस्त पडते.

ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला नौपाडा, गोखले रोड आणि राम मारुती रोडचा भाग, तर नवी मुंबईत वाशीचे सेक्टर १७ इथे चौकशीला सुरुवात करता येते. एकाच शाईचा भाव निदान दोन दुकानांत आणि एका ऑनलाइन बाजारात विचारून पाहावा. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची संगणकाची बाजारपेठ स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे. पण एका बाटलीसाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून किंवा वाशीहून हार्बरने कुर्ला आणि मग दादर असे करत तिथवर जाण्यात वाचलेल्या पैशांपेक्षा अर्धा दिवस जास्त जातो. शेजारच्या चार घरांची शाई एकत्र आणायची असेल किंवा दुसरेही काम असेल तरच जावे, आणि रविवारी जाऊ नये, कारण त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात.

खोके हातात आल्यावर ते घाईने पिशवीत टाकू नये. छापील कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा तपशील पाहावा. वेष्टनबंद वस्तूंवर ही माहिती असणे कायद्याने आवश्यक आहे. किमतीवर दुसरी चिकटपट्टी असेल, झाकणाचे सील सैल असेल, छपाई पुसट असेल किंवा भाव इतर सर्वांपेक्षा फारच कमी असेल तर घेऊ नये. काही कंपन्यांच्या खोक्यांवर मोबाइलने तपासता येणारा क्यूआर कोड असतो. तो दुकानातच तपासावा. कार्ट्रिजवर वापराची तारीख असते, म्हणून साठा करून ठेवू नये. टाकीच्या घरात एक काळी बाटली शिल्लक ठेवणे पुरेसे आहे. पक्के बिल घ्यावेच. नकली माल निघाला किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि तिथे बिलच आपल्या बाजूने बोलते.

सातवी पायरी: छपाईची रचना

प्रिंट देण्यापूर्वी पूर्वदृश्य पाहावे. संकेतस्थळावरचे पान थेट छापले तर जाहिरातींचे रंगीत चौकोनही छापले जातात. कार्ट्रिजच्या घरात रोजच्या मजकुरासाठी ड्राफ्ट ही कमी शाई घेणारी गुणवत्ता निवडावी. कागदाचा प्रकार चुकून फोटो पेपर असा राहिला तर साध्या कागदावरही यंत्र जास्त शाई सोडते. ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांची छपाई, निवडले म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाते असे नाही; काही यंत्रे करडा रंग तीन रंग मिसळून तयार करतात. ‘ब्लॅक इंक ओन्ली’ असा पर्याय दिसत असेल तर तो निवडावा.

आठवी पायरी: शाई वाया जाऊ न देणे

प्रिंटर बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा आणि दिवे पूर्ण विझल्यानंतरच भिंतीवरचे बटण बंद करावे. घरोघरी नेमके उलटे होते: रात्री एक्स्टेंशन बोर्डचे बटण दाबून संगणक, राउटर आणि प्रिंटर एकदम बंद केले जातात. प्रिंटरचे बटण दाबल्यावर आतून एक-दोन सेकंद घरघर ऐकू येते, ती डोके उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसण्याची असते. ही टोपी छिद्रे झाकून शाई वाळू देत नाही. वीज अचानक तोडली तर डोके मध्येच उघडे राहते, छिद्रे वाळतात, आणि पुढच्या वेळी ती उघडण्यासाठी यंत्र भरपूर शाई ओतते. या एका सवयीने बरीच शाई वाचते.

आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक लहानसे पान छापावे. मे महिन्यात गावाला जाणाऱ्या कुटुंबांनी परतल्यावर लगेच मोठी छपाई सुरू न करता आधी नोझल चेक हे नमुना पान काढावे. त्यात रेघा तुटलेल्या दिसल्या तरच हेड क्लीनिंग, म्हणजे डोक्याची साफसफाई, चालवावे, मग पुन्हा नमुना काढावा. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर यंत्र रात्रभर बंद ठेवावे, कारण साचलेली शाई तेवढ्या वेळात मऊ होते आणि बुडबुडे विरतात. एकामागून एक साफसफाई चालवत राहिल्यास टाकी डोळ्यांदेखत खाली जाते.

टाकीतली शाई खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये. नळीत हवा शिरली तर ती काढण्यासाठी पुन्हा शाईच खर्च होते. शाई भरताना यंत्राखाली वर्तमानपत्र अंथरावे, एका वेळी एकच बाटली उघडावी आणि टाकीचा रंग व बाटलीचा रंग जुळतो की नाही ते दोनदा पाहावे. घर बदलताना यंत्र आडवे-तिरपे ठेवू नये.

पावसाळ्यात खाडीलगतच्या आपल्या या भागात हवा इतकी दमट असते की उघड्या रिममधले कागद कडेने वळतात, एकदम दोन-दोन ओढले जातात आणि शाई तंतूंमधून फुटते. बिघडलेले प्रत्येक पान म्हणजे शाईचाही खर्च आहे. कागद मूळ वेष्टनात, तोंड बंद करून ठेवावा आणि ट्रेमध्ये लागेल तेवढाच घालावा.

साफसफाईत खर्च झालेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जमा होते. पॅड भरत आल्याची मोजणी यंत्र ठेवते आणि मर्यादा झाली की छपाई थांबवते. हा बिघाड नाही. पॅड बदलून ती मोजणी शून्यावर आणावी लागते. काही नव्या मॉडेलांत त्यासाठी मेंटेनन्स बॉक्स नावाची डबी असते, जी घरच्या घरी बदलता येते. नवे यंत्र घेताना ही सोय आहे का आणि त्या डबीची किंमत किती, हे शाईच्या किमतीबरोबरच विचारून घ्यावे. रिकामी कार्ट्रिज आणि भरलेली पॅड कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे, तेव्हा ती कंपनीच्या संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावीत. रिफिल करणारे काही दुकानदार चांगल्या स्थितीतली रिकामी कार्ट्रिज विकतही घेतात; नवे घेताना जुने देऊन भाव कमी होतो का, तेवढे विचारून पाहावे.